शेनिनचा घड मिटायच्या आत पानं काढा

नाशिककडे ज्यांनी वाईनसाठी शेनिन ब्लां जातीची द्राक्षं लावलीत, त्यांनी बाकीची कामं दोन दिवस मागं ठेवावीत. सप्टेंबरअखेर छाटलेल्या बागेत मणी आता ज्वारीएवढे झालेत. वाटाण्याएवढे झाले की मण्याला मणी चिकटून घड मिटला, मग हात टेकायचे.

फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली ही जुनी जात. साल पातळ, घड गच्च. खायच्या थॉमसन द्राक्षासारखी तिच्यात मण्यांची विरळणी कोणी करत नाही, परवडतही नाही. दर वर्षी मी तेच बघतो. जानेवारीत एक अवकाळी सर येते नि गोडी भरलेला घड आतून कुजतो. बाहेरून चांगला दिसतो, दांड्याजवळ दाबला की पाणी सुटतं. मग दुकानातून महागडी बाटली येते. पण मिटलेल्या घडात थेंब शिरतच नाही, औषध कितीही भारी असो.

घडासमोरची आणि त्याखालची दोन-तीन पानं काढा. ओळी दक्षिणोत्तर असतील तर फक्त पूर्वेकडची. पश्चिमेची राहू द्या, दुपारच्या उन्हानं मणी भाजतात. पूर्व-पश्चिम ओळींत उत्तरेकडची काढा. घडात करंगळी सहज गेली तर अजून वेळ आहे, असं मी धरतो. सकाळी दहापर्यंत घडावरचं दव वाळलं नाही, तर पानं कमी काढलीत.

ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या खोडावर, मुंग्यांची रांग दिसली की सुटलेल्या सालीखाली मिलीबग (पिठ्या ढेकूण) शोधा. साल खरवडून बागेबाहेर जाळा. मग कीटकनाशक ब्युप्रोफेझिन २५ एससी १.२५ मिली प्रति लिटर फवारा, तेही घड उघडा असतानाच. काढणीआधीचे ४० दिवस ते फवारायचं नाही.

बाकी नेहमीचं:
- फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) काढणे
- काड्या तारेत अडकवणे
- भुरी रोगासाठी गंधक ८० डब्ल्यूडीजी, २ ग्रॅम प्रति लिटर
- ठिबकच्या नळ्या तपासणे
- फवारणीची वही भरणे

जीए (मणी फुगवणारं जिबरेलिक ॲसिड) आणि फुगवणीची टॉनिकं दुकानदार कितीही गळी उतरवोत, घेऊ नका. वायनरी साखर मोजते, मण्याचा आकार नाही. फुगलेला मणी शेनिनचा गच्च घड आणखी आवळतो. तोच पैसा पानं काढणाऱ्या बायांच्या मजुरीला द्या.

अंदाजात पाऊस दिसला तर आधी पानं, मग फवारणी. उलटं केलंत तर औषध पानांवरच राहील.