जेडीकेशिवाय टॉमकॅट: सर्व्हरला हात लावण्याआधी

टॉमकॅटला (जावाची वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर) पूर्ण जेडीके (कंपायलरसकट जावाचा विकासासाठीचा संच) लागतं, हा समज एके काळी खरा होता. जेएसपी (जावा कोड असलेली वेब पानं) कंपाइल करायला जेडीकेमधली टूल्स.जार लागायची. ५.५ पासून टॉमकॅट एक्लिप्सचा कंपायलर सोबतच आणतो, त्यामुळे जेएसपी नुसत्या जेआरईवरही (जावा चालवण्यापुरता संच) चालतात. तेव्हा खरा प्रश्न तुमच्या ॲपचा आहे. चालता चालता स्वतः जावा कोड तयार करून तो जावाच्याच कंपायलरकडून कंपाइल करून घेणारी लायब्ररी त्यात आहे का, ते आधी शोधा. असेल तर जेआरईवर ती तिथेच अडेल.

मग आवृत्त्या जुळवा. टॉमकॅट ९ ला किमान जावा ८ लागतं, १०.१ ला ११ आणि ११ ला १७. शिवाय ॲप ज्या जावासाठी बिल्ड केलंय, त्याहून जुनी जेआरई चालणार नाही. तेव्हा येणाऱ्या एररमध्ये क्लास फाइलची आवृत्ती ६१.० दिसली तर तो क्लास जावा १७ चा आहे, ५५.० म्हणजे ११ चा. ओरॅकल ११ पासून वेगळी जेआरई देत नाही. टेम्युरिन किंवा झुलू या दुसऱ्या जावा वितरणांची घ्या. हेडलेस (स्क्रीनवरच्या खिडक्यांचा भाग वगळलेला) प्रकार सर्व्हरला पुरतो, पण ॲप पीडीएफ किंवा चित्रं तयार करत असेल तर फॉन्टची चाचणी आधीच करा.

जेआरई_होम या व्हेरिएबलमध्ये जेआरईच्या मुख्य फोल्डरचा पत्ता द्या, त्यातल्या बिन फोल्डरचा नाही. तो सेटएन्व्ह (टॉमकॅट सुरू होताना वाचतो ती) फाइलमध्ये लिहावा; ही फाइल आयती मिळत नाही, टॉमकॅटच्या बिनमध्ये आपणच करायची. विंडोजवर सर्व्हिस म्हणून चालवत असाल तर ती फाइल वाचलीच जात नाही, जेव्हीएमचा (जेआरईतला जावा प्रत्यक्ष चालवणारा भाग) पत्ता सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये द्यावा लागतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र निदानाच्या तयारीला द्या. सर्व्हर अडकला की हात आपसूक जेस्टॅक, जेमॅप, जेसीएमडी या निदानाच्या टूल्सकडे जातो, आणि जेआरईत यातलं काहीच नसतं. लिनक्सवर प्रोसेसला किल -३ पाठवलं तर थ्रेड डंप (कोणता थ्रेड कुठे अडकलाय त्याची नोंद) टॉमकॅटच्या कॅटलिना.आउट या लॉगमध्ये उतरतो, प्रोसेस मरत नाही (नाव भीतीदायक आहे खरं). मेमरी संपल्यावर हीप डंप (मेमरीची फाइलमधली प्रत) आपोआप पडावा, हा जेव्हीएम पर्याय आत्ताच चालू करा आणि डंपच्या फोल्डरला जागा आहे ना, तेही बघा. ऐनवेळी तो चालू करून गेलेला डंप परत येत नाही. सर्टिफिकेटची चिंता नको, ती हाताळणारं कीटूल जेआरईत असतं.

जेलिंकने (हवी तेवढीच मॉड्यूल, म्हणजे जावाचे भाग, निवडून जेआरई बनवणारं टूल) स्वतःची छोटी जेआरई बनवणार असाल तर दोन मॉड्यूल हमखास सुटतात. जेडीके.क्रिप्टो.ईसी नसेल तर जावा २२ च्या आधीच्या आवृत्त्यांत काही एचटीटीपीएस जोडण्या हँडशेकलाच तुटतात. जेडीके.लोकेलडेटा नसेल तर मराठी महिन्यांची नावं गुपचूप इंग्रजी होतात, आणि लॉगमध्ये त्याची एक ओळही दिसत नाही.