डिस्चार्ज सकाळी, घरी संध्याकाळी: प्रक्रियेचा अभ्यास हाती घेताना या चुका टाळा

डॉक्टर सकाळच्या राउंडला "आज घरी जा" म्हणतात आणि पेशंट खरोखर घरी पोचतो तो दिवेलागणीला. खासगी हॉस्पिटलात ज्यांनी कुणाला ठेवलंय त्यांना हा अनुभव नवा नाही. मग कधीतरी व्यवस्थापन ठरवतं की डिस्चार्जची प्रक्रिया नीट तपासायची, वेळ खाली आणायचा, आणि क्वालिटी किंवा ऑपरेशन्समधल्या एखाद्याच्या गळ्यात हे काम पडतं. हा लेख त्या माणसासाठी आहे. कारखान्यात, बँकेत किंवा कॉलेजच्या ऑफिसात असंच काम करणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

घड्याळ कधी सुरू होतं हे न ठरवणं

बिलिंगला विचारा, ते सांगतील की फाईल आली की अर्ध्या तासात बिल तयार. टीपीए डेस्क, म्हणजे विम्याचे दावे बघणारं टेबल, म्हणतं, आम्ही कागद लगेच अपलोड करतो, पुढचं विमा कंपनीच्या हातात. वॉर्ड म्हणतो, आमच्याकडून फाईल केव्हाच खाली गेली. तिघंही खरं बोलतात, फक्त तिघांची घड्याळं वेगवेगळ्या वेळी सुरू होतात. नातेवाइकांचं घड्याळ मात्र डॉक्टर "जा" म्हणाले तेव्हाच सुरू झालेलं असतं. हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या निर्देशांकातही डिस्चार्जचा वेळ जवळपास असाच धरतात: कन्सल्टंटनं (पेशंटच्या मुख्य डॉक्टरांनी) डिस्चार्ज ठरवल्यापासून पेशंट वॉर्डमधून बाहेर पडेपर्यंत. हीच व्याख्या पहिल्या बैठकीत सगळ्या एचओडींकडून (विभागप्रमुखांकडून) मान्य करून घ्या आणि मगच मोजायला लागा. नाहीतर पुढची प्रत्येक बैठक आकडा कुणाचा खरा यातच संपते.

एसी खोलीत बसून नकाशा काढणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. एचओडी जमतात, रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर लागतात, दोन तासांत प्रक्रियेचा सुबक नकाशा तयार होतो. तो नकाशा काम कसं व्हायला हवं त्याचा असतो. काम प्रत्यक्ष कसं होतं हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं त्या खोलीत नसतातच: रात्रपाळीची सिस्टर, फाईल घेऊन जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या मावशी, फार्मसीच्या खिडकीवरचा मुलगा.

नकाशावर एक छोटी चौकट असते, "औषधं परत". एखाद्या सकाळी तिच्या मागोमाग चाला. न वापरलेली इंजेक्शनं, सलाईनच्या बाटल्या, सिरिंजा सिस्टर ट्रेमध्ये गोळा करते आणि सिस्टिममध्ये रिटर्न टाकते. ट्रे काउंटरवर पडून राहतो, कारण मावशी दुसऱ्या पेशंटला एक्स-रेला घेऊन गेल्यात. त्या आल्या की ट्रे खाली जातो. फार्मसीसमोर ओपीडीची रांग, आणि रांगेला औषध देणारा नि रिटर्न घेणारा माणूस एकच. तो मोकळा झाला की प्रत्येक वस्तूचा बॅच नंबर आणि एक्स्पायरी आधीच्या नोंदीशी ताडून बघतो. एका इंजेक्शनचा नंबर जुळत नाही, कारण रात्री घाईत ते शेजारच्या पेशंटला दिलं होतं आणि नंतर दुसरं आणून ठेवलं. वॉर्डला फोन जातो, सिस्टर ड्रेसिंगमध्ये अडकलेली. हा रिटर्न पूर्ण झाल्याशिवाय अंतिम बिल निघत नाही. बिलिंगसमोर ताटकळणाऱ्या पेशंटच्या मुलाला मात्र वाटतं, बिलिंगवालेच हळू आहेत.

यातली एकही गोष्ट बैठकीत कळत नाही. टोयोटाची उत्पादन पद्धत घडवणारे ताईची ओनो कारखान्याच्या जमिनीवर खडूनं गोल आखून माणसाला त्यात उभं करत आणि समोर काय चाललंय ते तासन्‌तास बघायला लावत, असं सांगतात. तेवढं नाही जमलं तरी रोखीचे आणि विम्याचे मिळून काही पेशंट निवडा आणि त्यांच्या फाइलींबरोबर स्वतः फिरा. नकाशा त्यानंतर काढा, आणि काढलेला नकाशा सिस्टर-मावशींना दाखवून विचारा, "यात काय राहिलं?"

काम मोजणं, खोळंबा सोडून देणं

1947 साली अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सनं प्रोसेस चार्टसाठी पाच चिन्हं प्रमाणित केली: काम, वाहतूक, तपासणी, खोळंबा आणि साठवण. खोळंब्याला तिथे स्वतःचं चिन्ह आहे. आपण मात्र चौकटी नि बाण काढतो, आणि सगळा वेळ बाणांमध्येच दडून बसतो.

डिस्चार्ज समरीचंच, म्हणजे पेशंटला घरी जाताना द्यायच्या उपचारांच्या सारांशाचंच बघा. पहिल्या खाटेवरचा पेशंट राउंडच्या सुरुवातीलाच घरी जाण्याजोगा ठरतो. पण समरी लिहिणारे आरएमओ (निवासी डॉक्टर) राउंड संपेपर्यंत कन्सल्टंटबरोबरच असतात, आणि मग सगळ्या समऱ्या एकदम लिहायला घेतात. त्या तयार होतात तोवर कन्सल्टंट ओटीत (ऑपरेशन थिएटरात) गेलेले. लिहिण्याचं काम काही मिनिटांचं, सहीची वाट मात्र दुपारपर्यंत. अशा वेळी टायपिंगचा वेग वाढवून काही साधत नाही. उद्या कोण जाण्याची शक्यता आहे हे आदल्या संध्याकाळी बहुतेक वेळा माहीत असतं. तेव्हाच समरीचा मसुदा करून ठेवा, जादाची औषधं परत पाठवा, तात्पुरतं बिल तपासून घ्या. सकाळी फक्त शेवटच्या नोंदी आणि सही उरते.

सरासरीवर विसंबणं

दहापैकी आठ रोखीचे पेशंट दोन तासांत सुटले आणि दोन विम्याच्या पेशंटना सात तास लागले, तर सरासरी येते तीन तास. तीन तास प्रत्यक्षात एकालाही लागलेले नाहीत. दोन्ही प्रकार वेगळे मोजा आणि सगळ्यात जास्त रखडलेली प्रकरणं एकेक करून बघा.

सगळं खापर विमा कंपनीवर फोडणं

विमा नियामक आयआरडीएआयच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची अंतिम मंजुरी विमा कंपनीनं तीन तासांत द्यायची आहे, आणि त्यापुढच्या उशिरामुळे हॉस्पिटलनं जादा पैसे लावले तर ते कंपनीनं सोसायचे आहेत. पण हे तीन तास मोजले जातात हॉस्पिटलची विनंती कंपनीला मिळाल्यापासून. समरी, अंतिम बिल, रिपोर्ट दुपारी अपलोड झाले तर सकाळचा वेळ आपलाच गेलेला असतो. प्रत्येक प्रकरणात विनंती नेमकी किती वाजता गेली आणि कंपनीचे प्रश्न कशावरून आले, हे लिहून ठेवा. राहिलेला रिपोर्ट, अपुरी समरी अशीच कारणं पुन्हा पुन्हा दिसू लागली, तर उपाय आपल्याच टेबलावर आहे.

माणूस शोधणं

"तुमच्याकडे उशीर का होतो?" असं विचारलंत की समोरचा बचावाला लागतो आणि वेळेच्या नोंदी सुधारून लिहिल्या जातात. त्याऐवजी विचारा, "फाईल तुमच्याकडे येते तेव्हा तिच्यात काय नसतं?" या प्रश्नाला लोक भरभरून उत्तरं देतात, कारण वर्षानुवर्षं हे कुणी विचारलेलंच नसतं. मोजमापाचा उपयोग अप्रेझलसाठी होणार नाही, हे व्यवस्थापनाकडून आधी लेखी घ्या. ते मिळत नसेल तर अभ्यास सुरूच करू नका.

नको तिथे वेळ वाचवणं

घरी जाताना सिस्टर गोळ्या कधी घ्यायच्या, टाके कधी काढायचे, कोणत्या लक्षणांवर लगेच परत यायचं हे समजावते. ही दहा-पंधरा मिनिटं कापाल तर पेशंट चुकीचा डोस घेऊन पुन्हा दाखल होईल. हा वेळ वाढवावा लागला तरी वाढवा. खोळंबा कमी करायचा तो यासाठीच.

काम अडलंच तर

नोंदींचे आकडे जुळत नसतील तर संगणकातली वेळ प्रत्यक्ष कामाची आहे की नंतर एकदम भरलेली, ते आधी बघा. सहसा गोम तिथेच असते. कन्सल्टंट दाद देत नसतील तर सगळ्यांच्या मागे लागू नका; तयार असलेल्या एकाच्या वॉर्डात नवी पद्धत सुरू करा, बाकीचे बघतात. नवीन सॉफ्टवेअरची मागणी आली तर आधी महिनाभर कागदावर नवी पद्धत चालवा, नाहीतर जुनाच घोळ स्क्रीनवर जाऊन बसतो. आणि दोन महिन्यांनी वेळ पुन्हा वाढायला लागला, तर उद्या घरी जाऊ शकणाऱ्यांची यादी आदल्या संध्याकाळी कोण करतंय ते विचारा. ती "सगळ्यांची जबाबदारी" असेल तर ती कुणीच करत नसतं. यादीवर पाळीनिहाय एका सिस्टर-इन्चार्जचं नाव घाला आणि तिच्या सुट्टीच्या दिवशी कोण, तेही तिथेच लिहा.