वळवाचे ढग उठले की शिवारात कोणीतरी आभाळाकडे बघणारं हवं

मंडळी, वळवाचे दिवस आलेत. सकाळपासून कडक ऊन, दुपारी जीव घुसमटेल असा उकाडा, वारा एकदम पडलेला आणि लांबवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग भराभर वर चढायला लागले की सावध व्हायचं. ढगाचा माथा ऐरणीसारखा चपटा पसरला म्हणजे वादळ पुरतं तयार झालं, मग हातात कधीकधी अर्धा तास पण मिळत नाही. आणि उकाड्यात अचानक गार वाऱ्याचा झोत अंगावर आला तर तो ढगातून खाली कोसळून पसरलेला वारा असतो, तेव्हा कामं आवरत बसू नका, सरळ घर गाठा.

मोबाईलवरचा अलर्ट बघायचाच, पण तो मोठ्या भागासाठी असतो, आपल्या बांधावर काय होणार ते त्यात कळत नाही. रडारचीही एक अडचण आहे, पृथ्वी गोल असल्यामुळे 100 किमी लांब गेल्यावर रडारचा सगळ्यात खालचा किरणसुद्धा जमिनीपासून साधारण दीड किमी वरून जातो, त्याच्या खाली गारा पडतायत की नुसता पाऊस, झाडं पडली का, हे तिथला माणूसच सांगू शकतो. अमेरिकेत याच कामासाठी 1970 च्या दशकापासून स्कायवॉर्न नावाने साध्या लोकांना थोडं ट्रेनिंग देऊन हवामान खात्याला कळवायला शिकवतात. आपण निदान शिवारापुरतं तरी करू शकतो. शिवाराच्या चारही बाजूंचे चार-पाच जण आत्ताच ठरवून ठेवा, ज्याच्या बाजूने ढग येईल त्याने बाकीच्यांना कळवायचं, आणि खात्याला कोणी व कुठल्या नंबरवर कळवायचं तेही ठरवा.

कळवताना वेळ, जागा, दिशा आणि डोळ्यांनी काय बघितलं तेवढंच सांगा. "लई बेकार वादळ आलंय" यातून समोरच्याला काहीच कळत नाही. गार असेल तर पट्टीने मोजा (पाऊस-विजा थांबल्यावर, डोक्यावर गारा झेलत नाही), सगळ्यात मोठी गार किती ते सांगा आणि वितळायच्या आत पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. वाऱ्याचा अंदाज झाडावरून येतो, अख्खी झाडं हलतायत आणि चालायला त्रास होतोय म्हणजे ताशी 50 ते 60 किमी, बारक्या फांद्या मोडायला लागल्या तर 62 च्या पुढे, झाडं मुळासकट पडली तर 90 च्या आसपास किंवा जास्तच. आणि मागच्या वर्षीचे व्हिडिओ फॉरवर्ड करू नका, त्याने खरी खबर मागे पडते.

पण बघणारा आधी सुरक्षित हवा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वीज चमकल्यावर सेकंद मोजा, दर 3 सेकंदाला 1 किमी अंतर धरा. 30 सेकंदाच्या आत गडगडाट आला तर वीज 10 किमीच्या आत आहे, लगेच पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका. उघड्या ट्रॅक्टरवर रबरी टायर वाचवतात हा समज चुकीचा आहे. झाडाखाली तर अजिबात थांबू नका, आणि जनावरंही झाडाला बांधू नका, वीज झाडावर पडली की करंट जमिनीतून पसरतो आणि पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने त्यांच्या शरीरातून जातो. तारेच्या कुंपणापासूनही लांब ठेवा.

म्हणून ढग लांब असतानाच आधी जनावरं गोठ्यात घ्या, मग काढलेल्या मालावर ताडपत्री टाकून कडेने वजन ठेवा, मोटारीचा स्टार्टर बंद करा, फवारणी त्या दिवशी राहू द्या. वादळ जवळ आलं तर राहिलेलं तसंच सोडून द्या, माल परत पिकवता येतो.

वादळ गेल्यावर लगेच शेताकडे पळू नका, तुटून पडलेली तार दिसली तर लांबूनच वीज कंपनीला कळवा. आणि कोणावर वीज पडलीच तर त्याच्या अंगात करंट उरलेला नसतो, हात लावायला घाबरू नका, श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा, ॲम्ब्युलन्सला फोन दुसरा कोणीतरी लावेल.