खाणीच्या जमिनीचे पुनरुज्जीवन करताना उपद्रवी तणांचा बंदोबस्त

तणांच्या बंदोबस्ताची सुरुवात खाणकाम संपल्यावर करू नये. जमिनीचा वरचा थर खरवडण्याआधीच ती करावी. तणांचे बहुतेक बी याच थराच्या वरच्या काही सेंटिमीटरमध्ये साठलेले असते, आणि पुढे तीच माती आपण पुनरुज्जीवनासाठी पसरणार असतो. म्हणून आधी फिरून पाहणी करावी, तणांनी व्यापलेले पट्टे नकाशावर टिपावेत आणि तेथील माती स्वच्छ मातीत मिसळू न देता भरावाच्या तळाशी खोल गाडावी. बारीक बियांच्या कोंबांना इतक्या खोलीवरून वर येता येत नाही.

स्वच्छ माती शक्य असल्यास लगेच तयार जागेवर पसरावी, कारण साठवणुकीत तिच्यातील सूक्ष्मजीव आणि स्थानिक वनस्पतींचे बी मरत जाते. साठवावीच लागली तर ढीग उंच न करता पसरट ठेवावेत आणि त्यांवर त्वरित गवत पेरावे. या ढिगांकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकत नाही, आणि माझ्या मते खाणक्षेत्रातील तणांची सर्वांत मोठी रोपवाटिका हीच असते.

बाहेरून येणारे बी तेवढेच घातक असते. यंत्रांच्या पट्ट्यांना व चाकांना चिकटलेला चिखल, आच्छादनासाठी आणलेला पेंढा, अर्धवट कुजलेले शेणखत आणि भेसळ असलेले बियाणे यांतून ते येते. यंत्रे आत घेण्यापूर्वी एका ठरलेल्या जागी धुवावीत आणि त्या जागेवर काय उगवते हे नियमित पाहावे.

माती पसरल्यावर ती उघडी ठेवू नये. योग्य हंगामात स्थानिक गवतांचे व शेंगावर्गीय वनस्पतींचे मिश्रण पेरावे, मात्र नत्रखताचा हात आखडता ठेवावा. सढळ नत्राचा फायदा हळू वाढणाऱ्या बहुवार्षिक गवतांपेक्षा झपाट्याने वाढणाऱ्या वार्षिक तणांनाच अधिक होतो.

तरीही तण उगवले, तर उपाय त्याच्या जातीनुसार ठरवावा. गाजर गवत उगवल्यापासून साधारण ४ ते ८ आठवड्यांत फुलते आणि एकच झाड हजारो बिया देते, त्यामुळे ते फुलोऱ्यापूर्वी, माती ओली असताना, मुळासकट उपटावे. त्याच्या स्पर्शाने त्वचादाह आणि परागकणांमुळे श्वसनाचा त्रास होतो. म्हणून मजुरांना हातमोजे, मुखपट्टी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे दिल्याशिवाय हे काम मुळीच करवून घेऊ नये. फुलावर आलेली झाडे तेथेच पडू न देता पिशव्यांत भरून बाहेर न्यावीत. लव्हाळ्याचे मात्र उलट आहे: त्यावर नांगर फिरवला की जमिनीतील गाठींची साखळी तुटते आणि सुटी झालेली प्रत्येक गाठ नवे रोप देते. घाणेरी नुसती छाटल्यास बुंध्यातून पुन्हा फुटते, तेव्हा तिचा बुंधा खणून काढावा लागतो.

तीव्र उतारावर थोडा संयम बाळगावा. तेथील तणे एकदम उपटल्यास मोकळी झालेली माती पहिल्याच जोरदार पावसात घळी पाडून वाहून जाते. त्यामुळे बी धरण्याआधी वरचेवर कापत राहून त्याच वेळी शेजारी गवत रुजवणे हा मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो.

तणनाशक वापरायचे असल्यास लेबलवरील मात्रा आणि सूचना तंतोतंत पाळाव्यात. तण जोमाने वाढत असताना, वारा शांत असताना आणि खाणीच्या डोहापासून व ओहोळांपासून पुरेसे अंतर राखून केवळ तणांवर फवारणी करावी. ग्लायफोसेट गवतालाही मारते, तर २,४-डी मुख्यतः रुंद पानांच्या तणांवर चालते. मात्र २,४-डीमुळे आपण पेरलेल्या शेंगावर्गीय वनस्पतीही दगावतात. मातीत दीर्घकाळ टिकणारी रसायने पुढच्या पेरणीला मारक ठरत असल्याने ती टाळावीत.

पुढील काही वर्षे प्रत्येक वाढीच्या हंगामात फुलोऱ्यापूर्वी किमान एक फेरी मारावी. रस्त्यांच्या कडा, चर, कुंपण आणि यंत्रे धुण्याची जागा आधी पाहावी, काढलेल्या प्रत्येक पट्ट्याची नोंद ठेवावी आणि तेथे त्याच हंगामात पुन्हा गवत पेरावे.