डिझेल ट्रकला बायपास ऑइल फिल्टर कसा बसवावा

ट्रकच्या इंजिनावरचा मुख्य ऑइल फिल्टर कायम घाईत असतो. पंपातून येणारं सगळं ऑइल न अडवता पुढे सोडायचं, म्हणून त्याचा कागद विरळ ठेवावा लागतो. साधारण 20 ते 40 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण त्यात अडकतात, बारीक बरेचसे निसटतात. बेअरिंगमधला ऑइलचा थर मात्र काही मायक्रॉनचाच असतो. त्यामुळे 5 ते 20 मायक्रॉनचे कण त्या फटीत सापडून धातू खरवडतात. झिजेचा मोठा वाटा त्यांचाच.

बायपास फिल्टर ऑइलचा थोडा हिस्सा, सुमारे 5 ते 10 टक्के, प्रेशरच्या वाटेवरून बाजूला घेतो. दाट माध्यमातून 2-3 मायक्रॉनपर्यंत गाळून तो थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, परत सोडतो. बेअरिंगचा पुरवठा त्याच्यावर अवलंबून नसतो, म्हणून तो चोंदला तरी इंजिन कोरडं पडत नाही. मुख्य फिल्टरमधल्या बायपास व्हॉल्व्हशी याची गल्लत करू नका. तो व्हॉल्व्ह फिल्टर चोंदल्यावर न गाळलेलं ऑइल पुढे सोडतो, म्हणजे काम अगदी उलटं.

खरेदीआधी इंजिनाचं मॅन्युअल उघडा. व्होल्वो डी13 वर दोन मुख्य आणि एक बायपास फिल्टर आधीच असतो. स्कॅनियाच्या इंजिनांवर ऑइलच्याच प्रेशरने फिरणारा सेंट्रीफ्यूज असतो, म्हणजे गरगर फिरून कचरा बाजूला फेकणारा फिल्टर. अशा इंजिनाला दुसरा जोडण्यात फारसा अर्थ नाही. गाडी वॉरंटीत असेल तर तिच्या अटीही आधी वाचा.

जागा आणि पुरवठा

फिल्टरचं हेड, म्हणजे डबा ज्यावर बसतो तो भाग, चॅसिसवर किंवा भक्कम ब्रॅकेटवर बसवा, एक्झॉस्ट आणि टर्बोपासून दूर. फिल्टरचं तोंड वर आणि डबा खाली लटकता ठेवला तर बदलताना ऑइल सांडत नाही. खाली डबा काढायला हात जाईल एवढी जागा सोडा.

पुरवठा ऑइल गॅलरीच्या (इंजिनातल्या प्रेशरच्या ऑइलच्या वाटेच्या) मोकळ्या पोर्टमधून घ्या. पोर्ट नसेल तर ऑइल प्रेशर सेन्सरच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावून सेन्सर त्यावरच परत बसवा. थ्रेडवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे सुटून बारीक छिद्रात अडकतात. ऑइलला टिकणारं द्रव सिलंट वापरा, तेही पहिले दोन आटे कोरडे ठेवून.

सगळा खेळ छिद्राचा

वाटेत कुठेतरी, बहुधा हेडमध्येच, प्रवाह मर्यादित ठेवणारं साधारण 1.5 मिमीचं छिद्र असतं. गरम ऑइल आणि 4 बार प्रेशरला त्यातून मिनिटाला दोन-सव्वादोन लिटर जातं. चेंबरमध्ये 36 लिटर ऑइल धरलं, तर साधारण 16 ते 18 मिनिटांत तेवढं ऑइल फिल्टरमधून जाऊन येतं. जास्त गाळलं जाईल म्हणून हे छिद्र मोठं करायचा मोह अनेकांना होतो. व्यास दुप्पट केला की प्रवाह चौपट होतो आणि आयडलिंगला, गरम इंजिनावर, प्रेशर घसरतं. छिद्र बसवायचंच राहिलं तर त्याहून वाईट. म्हणून जोडण्याआधी हेडमध्ये डोकावून ते आहे याची खात्री करा.

परतीची होज पुरवठ्याच्या होजपेक्षा जाड हवी: पुरवठ्याला आतून 6 मिमी, तर परतीला 10 मिमी. परतीच्या वाटेत प्रेशर साठता कामा नये. ती व्हॉल्व्ह कव्हरवर, ऑइल भरण्याच्या टोपीत किंवा चेंबरच्या वरच्या भागात, ऑइलच्या पातळीच्या वर सोडा. दोन्ही होज गरम इंजिन ऑइलसाठीच बनवलेल्या घ्या. दर 30-40 सेंमीवर रबर लावलेला क्लॅम्प मारा. इंजिन हलतं, चॅसिस हलत नाही, म्हणून त्या दोघांमध्ये होजला थोडा ढिलेपणा ठेवा. यात सर्वात जास्त गाड्या अडवते ती ब्रॅकेटच्या धारेवर घासून फाटलेली पुरवठ्याची होज. ती चालू गाडीत फुटली तर पुढचं काम थेट इंजिन उघडण्याचं.

पहिली सुरुवात

फिल्टर ऑइलने भरून घ्या, रबर रिंगला ऑइल लावा, हाताने घट्ट करा. इंजिन सुरू करून ऑइल प्रेशरच्या गेजवर नजर ठेवा आणि प्रत्येक जोड तपासा. दहा मिनिटांनी बंद करा, ऑइल खाली उतरू द्या, मग डिपस्टिक पाहून कमी पडलेलं भरा. फिल्टर आणि होजमध्ये मिळून काही लिटर मुरतात.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर परतीची होज हाताला गरम लागली पाहिजे, पण चटका बसू शकतो, जपून. गार लागली तर फिल्टर चोंदलाय किंवा छिद्रात कचरा अडकलाय. ही तपासणी दर सर्व्हिसला करा. फिल्टर मात्र बनवणाऱ्याने दिलेल्या मुदतीतच बदला, होज गरम लागते म्हणून पुढे ढकलू नका.

ऑइलची मुदत वाढवायची असेल तर प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या. डिझेल मिसळून पातळ झालेलं ऑइल फिल्टर घट्ट करत नाही, आणि आम्ल मारणारी रसायनं संपली की ती परत येत नाहीत. म्हणून अहवालात टीबीएन (आम्ल मारण्याची उरलेली ताकद), काजळी, व्हिस्कॉसिटी (ऑइलचा घट्टपणा) आणि डिझेलचं प्रमाण पाहा. सोडियम किंवा पोटॅशियम वाढलं असेल तर कूलंट कुठून शिरतंय ते आधी शोधा.