मूलपेशी आणि पृष्ठभागाची ठेवण: या चुका टाळा

ग्लासगो विद्यापीठात मॅथ्यू डॅल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्लास्टिकवर बारीक खड्डे उठवले. १२० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) रुंद, १०० नॅनोमीटर खोल, दोन खड्ड्यांच्या केंद्रांत सरासरी ३०० नॅनोमीटर अंतर. खड्डे काटेकोर रांगेत असताना माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशी (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या कच्च्या पेशी) हाडाकडे वळायला, म्हणजे हाडाच्या पेशी बनायला, फारशा तयार नव्हत्या. तेच खड्डे आपापल्या जागेवरून ५० नॅनोमीटरपर्यंत सरकवले, आणि मीडियात (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) हाडाकडे नेणारं कुठलंही रसायन न घालता त्या खनिज साठवू लागल्या. अगदीच विस्कटलेल्या खड्ड्यांना मात्र ते तेवढं जमलं नाही. पसरलेली पेशी मीटरभराची सतरंजी धरली, तर हे खड्डे मोहरीएवढे. तरी सतरंजीला मोहरीची रांग कळते!

हे वाचून भारावून अनेक जण या कामात येतात आणि बऱ्याच जणांचा पहिला प्रयोग फसतो. माझाही फसला. कारणं वरवर वेगळी दिसतात, पण मुळाशी एकच गोष्ट असते: आपण काढलेला आकार पेशीपर्यंत पोचतच नाही, किंवा पोचतो तेव्हा सोबत आणखी काहीतरी घेऊन जातो.

खड्ड्यात पाणी शिरलंय का?

माझ्या पहिल्या खेपेला नक्षीचे आणि सपाट तुकडे अगदी सारखेच वागले. तीन आठवडे वाया गेल्यावर एकदा प्लेट तिरप्या उजेडात धरली, तर मीडियाखाली नक्षीचा भाग चांदीसारखा चमकत होता. ती चमक अडकलेल्या हवेची. सिलिकोन रबर किंवा पॉलिकॅप्रोलॅक्टोन (एक प्लास्टिक) पाण्याला सहजी जवळ करत नाही, त्यात खड्डे केले की हवा आतच बसते. पेशी मग खड्ड्यांवर नव्हे, बुडबुड्यांच्या छतावर राहतात.

उपाय सोपा आहे. तुकडा आधी ७० टक्के इथेनॉलमध्ये भिजवा, वाळू न देता दोन-तीनदा बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारद्रावणाने) धुवा, मग मीडिया घाला. ऑक्सिजन प्लाझ्माही (विजेने भारलेला ऑक्सिजन वायू) चालतो, पण सिलिकोन रबर काही तासांतच पुन्हा पाणी झटकायला लागतं, म्हणून त्याच दिवशी वापरा. आणि जे नक्षीला केलं, ते सपाट कंट्रोललाही (तुलनेसाठी ठेवलेल्या तुकड्यालाही) करा. हे शेवटचं वाक्य सगळ्यांना माहीत असतं, गडबडीत नेमकं तेच सुटतं.

निर्जंतुक करताना नक्षी गेली

पॉलिकॅप्रोलॅक्टोन साधारण ६० अंशांना वितळतं. त्याला १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) टाकणारे लोक मी पाहिलेत. अतिनील दिव्याने नक्षी टिकते, पण सच्छिद्र स्कॅफोल्डच्या (पेशींना आधार देणाऱ्या सांगाड्याच्या) आतल्या सावलीत तो उजेड पोचत नाही. कुठलीही पद्धत घ्या, सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो निर्जंतुक केल्यानंतरच्या तुकड्याचा हवा.

एका आकड्यावर भिस्त

खडबडीतपणा सांगायला सरसकट ‘आरए’ हा आकडा देतात. सरासरी पातळीपासून पृष्ठभाग वर-खाली किती हलतो, याची ती सरासरी. आता तोच पृष्ठभाग उलटा करा, टेकड्यांचे खड्डे आणि खड्ड्यांच्या टेकड्या. आरए तोच राहतो! पेशीसाठी मात्र जग बदललं. म्हणून सोबत स्क्यूनेस, म्हणजे पृष्ठभाग टेकड्यांकडे झुकतो की खड्ड्यांकडे हे सांगणारा आकडा, द्या (उलटवलं की त्याचं चिन्ह उलटतं), उंचवट्यांमधलं अंतर द्या आणि फोटो द्या. एएफएमची (सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची) सुई अरुंद, खोल खड्ड्याच्या तळाशी पोचत नाही, त्यामुळे खोली कमी दिसते, हेही ध्यानात असू द्या.

आकारासोबत रसायनही बदललं

ही चूक सगळ्यात महागात पडते, आणि ती मोठमोठ्यांनाही चुकलेली नाही. टायटॅनियमवर नॅनोनळ्या वाढवता येतात. फ्लोराइडच्या द्रावणात व्होल्टेज वाढवलं की नळीचा व्यासही वाढतो. जर्मनीत एर्लांगेनच्या गटाने २००७ मध्ये सांगितलं की १५ नॅनोमीटरच्या नळ्या मूलपेशींना सर्वांत मानवतात आणि १०० नॅनोमीटरवर पेशी मरू लागतात. दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या गटाने दाखवलं की ३० नॅनोमीटरवर पेशी नुसत्या चिकटतात आणि ७० ते १०० वर लांब होऊन हाडाकडे वळतात.

खरं कुणाचं? माझ्या मते दोघांच्या नळ्याच एक नव्हत्या. एर्लांगेनच्या नळ्या जशा बनल्या तशाच, म्हणजे अस्फटिकी. सॅन दिएगोच्या नळ्या भट्टीत तापवून स्फटिकी ॲनाटेज (टायटॅनियम ऑक्साइडचं एक स्फटिकरूप) केलेल्या. व्यासाचा आकडा एका पट्टीवर मांडता येतो म्हणून आपण भांडण व्यासाचं समजतो. व्होल्टेज वाढवलं तर लांबीही बदलते आणि भिंतीत राहिलेलं फ्लोरिनही बदलू शकतं. तापवल्याने फ्लोरिन कमी होतं, पाण्याशी वागणूक बदलते, त्यामुळे मीडियातल्या सिरममधलं (रक्तद्रवातलं) कुठलं प्रथिन कसं चिकटतं तेही बदलतं. पेशी तर त्या प्रथिनांनाच धरते.

तेव्हा वेगवेगळ्या आकारांवर रसायन एकच राहील अशी तजवीज करा: सगळे तुकडे एकत्र तापवा किंवा सगळ्यांवर टायटॅनियमचा सारखाच पातळ थर चढवा. पाण्याच्या थेंबाचा कोन मोजा. आणि पेशी टाकण्याच्या दिवशी तुकडे सारख्याच वयाचे असू द्या, कारण टायटॅनियम नुसतं कपाटात ठेवलं तरी हवेतले कार्बनी अंश त्यावर बसत जातात.

पेशींच्या बाजूने

दाट पेरलं की पेशी आकारापेक्षा शेजाऱ्यांचं जास्त ऐकतात, आणि थरावर थर चढला की वरच्यांना खालची नक्षी ठाऊकच नसते. विरळ पेरा. जुन्या पॅसेजच्या, म्हणजे पुष्कळदा नव्या प्लेटमध्ये पेरून वाढवलेल्या, थकून पसरट झालेल्या पेशी वापरू नका. पहिल्या दिवसापासून डेक्सामेथासोन (पेशींना हाडाकडे नेणारं औषध) घातलं तर सपाट काचेवरही हाडाची लक्षणं दिसतील आणि आकाराचा बारीक परिणाम त्या गोंगाटात हरवेल. निदान एक गट साध्या मीडियात ठेवाच.

स्कॅफोल्डवर थेंब सोडल्यावर कित्येक पेशी छिद्रांतून गळून प्लेटच्या तळाशी जाऊन बसतात. तिथे त्या मजेत वाढतात, आणि त्यांची अल्कलाइन फॉस्फेटेज (पेशी हाडाकडे वळल्याची खूण मानलं जाणारं एन्झाइम) तुम्ही स्कॅफोल्डच्या नावावर जमा करता. दुसऱ्या दिवशी चिमट्याने तुकडा नव्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) हलवा, जुनी वेल सूक्ष्मदर्शकाखाली बघा. बघितल्यावर डोकं धराल. हे एन्झाइम मधल्या काळात चढून पुढे उतरतं, म्हणून एकाच दिवसाच्या मोजणीवर निकाल देऊ नका, आणि प्रत्येक आकडा डीएनएच्या, म्हणजेच पेशींच्या संख्येच्या, प्रमाणात मांडा.

राहता राहिलं ॲलिझारिन रेड. ते कॅल्शियम रंगवतं, ते कॅल्शियम कुणी आणलं हे त्याला कळत नाही. हायड्रॉक्सिॲपेटाइटचा (हाडातल्यासारख्या कॅल्शियमयुक्त खनिजाचा) स्कॅफोल्ड पेशी नसतानाही लालभडक होतो, आणि मीडियात बीटा-ग्लिसरोफॉस्फेट (फॉस्फेट पुरवणारं रसायन) भरपूर असेल तर पेशींनी मुद्दाम न घडवलेलं खनिजही साचू शकतं. पेशी न टाकलेला एक तुकडा त्याच मीडियात, तितकेच दिवस ठेवा आणि शेवटी त्यालाही रंगवा. माझ्याकडे असा एक तुकडा अजून डबीत आहे. पेशी एकही नाही, आणि रंग सगळ्यांत गडद.