रोज दिवेलागणीला रडणारं तान्हं बाळ

पोटभर दूध पिणारं, वजन नीट वाढणारं बाळ रोज संध्याकाळी मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन रडत सुटलं, तर बहुधा तो कॉलिक (निरोगी बाळाचं ठोस कारणाविना लांबणारं रडणं) असतो. २-३ आठवड्यांचं असताना सुरू होतो, ६व्या आठवड्याच्या सुमारास जोर धरतो आणि ३-४ महिन्यांत आपोआप ओसरतो. बाळंतिणीच्या ताटातल्या वांग्यावर लगेच खापर फोडू नका.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असतो. अशा वेळी बाळाला जाड चादरीत गुंडाळून शेक-धुरी देणं म्हणजे रडण्यात भरच. झबलं आणि सुती दुपटं पुरे. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, मग हातावर पालथं धरून अंधाऱ्या खोलीत फेऱ्या मारा. पंख्याच्या एकसुरी आवाजानं काही बाळं चटकन शांत होतात. झोपवताना मात्र उताणंच.

घुटी, मध, ग्राइप वॉटर नको. मध तर वर्षभर नाहीच. ६ महिन्यांपर्यंत वरचं पाणीही नको, ऊन कितीही असो. आजी रागावतील; डॉक्टरांचं नाव पुढे करा.

फार वैताग आला तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून १० मिनिटं गच्चीवर जा. रागाच्या भरात त्याला गदागदा हलवणं जिवावर बेतू शकतं. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, हिरवी उलटी, शीतून रक्त, दूध न पिणं यांपैकी काहीही दिसलं, तर रात्रीच दवाखाना गाठा.